दवाखान्याचं काम नसताना पुण्याला

मागे एकदा आंबेगाव तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला. मी सहज विचारलं, "शहरात शेवटचं कधी गेला होतात?" एक म्हणाली, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी. दुसरी पुतणीच्या बाळंतपणाला दवाखान्यात डबा घेऊन गेली होती. तिसरी कोर्टाच्या तारखेला. एक आक्का बराच वेळ आठवत बसल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या दिरांचं झालं, तेव्हा." सोळा बाया होत्या. शहर बघायला म्हणून गेलेली एकही नव्हती.

पुण्यापासून दोन-अडीच तासांवर राहणाऱ्या बायांची ही गोष्ट. पुणं म्हटलं की आपल्याला आठवतं काय, तर दवाखान्याची पायरी, केसपेपरची रांग, औषधाच्या दुकानाची चिठ्ठी. म्हणून आज बोलायचंय ते दवाखान्याचं काम नसताना शहरात कसं जायचं, काय बघायचं, याबद्दल. दोन दिवस, आठ-दहा जणी, खर्च बेताचा.

आधी आमची फजिती सांगते. आम्ही पहिल्यांदा सहल काढली तेव्हा एका दिवसात नऊ ठिकाणं धरली होती. पहाटे चारला गाडी केली. प्रत्येक ठिकाणी उतरा, पाया पडा, फोटो काढा, चढा. वाटेत बायांसाठी धड मोरी कुठे मिळेल याचा कुणी विचारच केला नव्हता. त्यामुळे सगळ्यांनी तेच केलं जे आपण नेहमी करतो, पाणीच प्यायलं नाही. दुपारी चारच्या उन्हात आमच्यातली एक चक्कर येऊन पडली. सकाळपासून तिच्या पोटात एक कप चहा. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं. म्हणजे सहलीला जाऊनही शेवटी दवाखाना बघूनच परत आलो.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पक्क्या धरल्या. ठिकाणं कमी, आणि ती एकाच दिशेची. दुसरी गोष्ट, मोरी कुठे आहे हे देवळाच्या आधी विचारायचं. हसू नका. तासन्‌तास लघवी रोखून धरल्यानं आणि पाणी न प्यायल्यानं बायांना लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग होतो आणि त्याचा ताप घरी आल्यावर चढतो.

आता मुक्कामाचं. खेड, जुन्नर, आंबेगाव किंवा मावळातून येणाऱ्या गटांना मी सांगते, एकदम पुण्याच्या पेठांत शिरू नका. अलीकडे, आमच्या चिखलीच्या बाजूला थांबा. 1997 पर्यंत चिखली ग्रामपंचायतीचं गाव होतं, मग पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आता एका अंगाला कारखान्यांच्या शेड आणि दुसऱ्या अंगाला उंच इमारती, पण काठानं इंद्रायणी अजून वाहते. नदीचं पाणी मात्र आता तोंडात घेण्यासारखं राहिलेलं नाही, हेही सांगून ठेवते. जुनी माणसं गावाला टाळगाव चिखली म्हणतात. तुकाराम महाराज वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचे टाळ इथे पडले, अशी कथा आहे. महापालिकेनं तुकाराम महाराजांच्या नावानं संतपीठ काढलंय तेही इथेच. तिथली मुलं शाळेच्या अभ्यासाबरोबर पखवाज आणि अभंग शिकतात. ती शाळा आहे, त्यामुळे न विचारता आत शिरायचं नाही.

तुमच्या गटातल्या कुणाची ना कुणाची भाची, नणंद या भागात भाड्यानं राहत असणारच. कारखान्यांमुळे अख्ख्या महाराष्ट्रातली माणसं इथे आलीत. पण दहा जणी एका खोलीच्या घरात उतरू नका, त्या पोरीवर ताण येतो. देहू-आळंदीत धर्मशाळा आणि भक्तनिवास आहेत. आधी फोन करून जागा आहे का विचारायचं, आणि एकादशी, बीज, वारीचे दिवस टाळायचे. त्या दिवसांत उभं राहायलाही जागा नसते.

पहिला दिवस देहूचा ठेवा. सकाळी गावाहून निघून दुपारपर्यंत पोचलात तरी पुरे. देहूत गाथा मंदिर बघा. इंद्रायणीच्या काठावर आहे. आत भिंतींवर संगमरवरी पाट्या बसवल्यात आणि त्यांवर तुकोबांचे चार हजारांहून अधिक अभंग कोरलेत. पुस्तकातली गाथा बरेच जण घरात ठेवतात आणि उघडत नाहीत. इथे ती उभ्यानं वाचता येते. आमच्याबरोबर एक मावशी होत्या, साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेल्या. त्या एका पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि बोट फिरवत एकेक अक्षर जुळवायला लागल्या. दोन ओळींना त्यांना दहा मिनिटं लागली. आम्ही पुढे गेलो नाही. अभंग त्यांना लहानपणापासून पाठ होता, पण लिहिलेला असा दिसतो हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

देहूला गेलात की जिजाईची आठवण काढा. तुकोबांची बायको, घरची तिला आवली म्हणत. कीर्तनात तिला बहुतेक वेळा कजाग म्हणून रंगवतात आणि मंडळी हसतात. मला ते पटत नाही. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतनाला बसलेला, घरात मुलं, दुष्काळाचे दिवस, आणि ही भाकरी घेऊन डोंगर चढते. वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल आला, अशी गोष्ट सांगतात. देहूहून भंडारा डोंगर दिसतो. तो लांबून बघितला तरी कळतं की हा रस्ता रोज डबा घेऊन चढायचा म्हणजे काय. बहिणाबाई शिऊरकर तुकोबांना गुरू मानून देहूला आल्या, त्यांच्यामुळेही हे गाव आपलं आहे. या बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, घोटाळा करू नका.

संध्याकाळी निगडीचं भक्ती-शक्ती उद्यान. शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या भेटीचं मोठं शिल्प आहे, हिरवळ आहे, बसायला जागा आहे. 107 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ इथलाच. पण मुख्य म्हणजे इथे बसायचं. पाय सोडून, शेंगदाणे खात, कुणाच्या स्वयंपाकाची वेळ झाली नाही अशी एक संध्याकाळ. आमच्यातल्या अर्ध्या जणी सहाला अस्वस्थ झाल्या होत्या, हात शिवशिवत होते. साडेसातला सवय झाली.

दुसरा दिवस पुण्याचा. पिंपरीला महापालिकेजवळ मेट्रोचं स्थानक आहे, सगळे त्याला पीसीएमसी म्हणतात. चिखली-निगडीकडून तिथपर्यंत पीएमपीची बस मिळते. ही मेट्रो 6 मार्च 2022 ला फुगेवाडीपर्यंत सुरू झाली आणि सप्टेंबर 2024 मध्ये थेट स्वारगेटला पोचली. बसनं जे अंतर कापायला जीव मेटाकुटीला येतो ते आता तासाच्या आत होतं.

मेट्रोची भीती वाटते, हे मी गटागटांत ऐकते. म्हणून नीट सांगते. खिडकीवर जाऊन "मंडई, दहा तिकिटं" म्हणायचं. कागदी तिकीट मिळतं, त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. तो चौकोन फाटकाच्या काचेवर धरला की फाटक उघडतं. एका तिकिटावर एकीनंच जायचं, मागून ढकलून दुसरीनं घुसायचं नाही, फाटक मध्येच मिटतं. तिकीट चुरगाळून टाकू नका, उतरल्यावर बाहेर पडायला तेच लागतं. आत जाताना पिशव्या तपासतात. भाजी चिरायची सुरी, विळती पिशवीत असेल तर अडवतील, घरीच ठेवून या.

सरकता जिना हा खरा भीतीचा भाग. निऱ्या आणि पदर आवरून खोचायचा, एका हातानं बाजूचा पट्टा धरायचा, नजर समोर, आणि पिवळ्या रेघेवर पाय न ठेवता पायरीच्या मधोमध उभं राहायचं. नकोच वाटलं तर प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे, त्यात कमीपणा नाही. गुडघेदुखीवाल्यांनी तर सरळ लिफ्टच घ्यावी. गाडीत पुढचं स्थानक मराठीत सांगतात, त्यामुळे वाचता येत नसलं तरी चुकत नाही.

आधी मेट्रो पुलावरून धावते, खाली दापोडी, खडकी दिसते. मग शिवाजीनगरच्या आसपास ती जमिनीत शिरते. जिल्हा न्यायालयाचं स्थानक सुमारे 33 मीटर खोल आहे, म्हणजे शंभर फुटांहून जास्त. आपल्याकडच्या दोन विहिरी एकीवर एक ठेवल्यासारखं. पुढे गाडी मुठा नदीच्या पात्राखालून जाते. हे सांगितल्यावर आमच्या एक काकू म्हणाल्या, "वर पाणी आणि खाली आपण, मग गळत कसं नाही?" बोगदा खणताना मागोमाग काँक्रीटच्या कडी जुळवत जातात आणि त्यांच्या सांध्यांत रबर बसवतात, म्हणून. कुकरच्या झाकणाला रबर असतं ना, काम तेच.

मंडई स्थानकात उतरलात की बाहेर पडायच्या आधी स्थानकातलीच मोरी वापरून घ्या आणि बाटल्या भरून पाणी प्या. पुढचे तीन-चार तास पेठांतून पायी फिरायचंय.

बाहेर आलं की मंडईची दगडी इमारत आणि तिचा उंच मनोरा दिसतो. 1886 च्या सुमाराची. तेव्हा तिचं नाव गव्हर्नर रे यांच्या नावावरून ठेवलं होतं. गंमत अशी की जोतिराव फुले नगरपालिकेत असताना एवढा पैसा मंडईवर घालायला त्यांचा विरोध होता, तो शिक्षणाला लावा असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा तिला महात्मा फुल्यांचंच नाव दिलं गेलं. आत फिरा. भाजी विकत घ्यायची नाही, फक्त बघायचं की आपल्याकडून व्यापाऱ्यानं उचललेल्या मेथीच्या जुडीला इथे काय भाव आहे. हा भाव वहीत लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत कामाला येईल.

मंडईतून चालत पंधरा-वीस मिनिटांवर गंज पेठेत फुलेवाडा आहे. पाय दुखत असतील तर रिक्षा करा. इथे जोतिराव आणि सावित्रीबाई राहत. साधं, बैठं, कौलारू घर. आपल्या आजोळी जसं असायचं तसंच. शाळेच्या पुस्तकात सावित्रीबाईंचं चित्र बघून वाटतं, मोठी बाई होती, मोठ्या वाड्यात राहत असेल. या अंगणात उभं राहिल्यावर ते मनातून जातं. याच अंगणातला पाण्याचा हौद त्यांनी 1868 मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं व्हावीत, बाळं मारली जाऊ नयेत म्हणून या नवरा-बायकोनं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तशाच एका विधवेचा मुलगा यशवंत, त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. मुलींना शिकवायला जाताना लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या पिशवीत जास्तीचं लुगडं ठेवत, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. ते लुगडं धुवायला त्या घरी परतत असतील ते याच अंगणात.

मुलींची शाळा 1848 ची, ती भरली बुधवार पेठेत भिडे वाड्यात, दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर. वर्षानुवर्षं ओसाड पडलेला तो वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला. त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारायचं ठरलंय. गणपतीला हात जोडून पाठ फिरवली की तीच जागा. माझं मागणं एवढंच, की एकदा पाठ फिरवाच.

आता माझ्या सगळ्यात आवडीची जागा. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याच्या बाजूला राजा दिनकर केळकर संग्रहालय. संग्रहालय म्हटलं की बाया जांभई देतात. तलवारी, नाणी, राजांची चित्रं, यात आपलं काय? इथे मात्र आत गेल्या गेल्या माझ्याबरोबरच्या बाया ओरडल्या, "अगं, ही तर आपली खोवणी!" दिनकर गंगाधर केळकर नावाचे गृहस्थ, अज्ञातवासी नावानं कविता करायचे. त्यांनी साधारण 1920 पासून गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमवल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणी गेला, त्याच्या आठवणीत संग्रहाला हे नाव दिलं. बायको कमलाबाई कायम बरोबर होत्या. 1975 मध्ये हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. सुमारे 20 हजार वस्तू आहेत, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या असतात.

आणि वस्तू कसल्या? अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्र्या, दिवे आणि समया, पानाचे डबे, फणेरी पेट्या, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दारं. मोर, पोपट, घोड्यावरचा स्वार अशा आकारांचे अडकित्ते. सुपारी तर साध्या अडकित्त्यानंही फुटते, मग हा मोर कशाला? कुणीतरी रोजची वस्तू सुंदर असावी म्हणून हात चालवला. कासारानं, लोहारानं, सुतारानं. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

इथे घाई करू नका, दीड-दोन तास ठेवा. आम्ही एक खेळ करतो, तुम्हीही करा. प्रत्येकीनं आपल्या घरात आहे किंवा आईच्या घरी होती अशी एक वस्तू शोधायची आणि ती कशी वापरायची ते बाकीच्यांना सांगायचं. काचेच्या आतली पाटी फार थोडं सांगते, बाया खूप सांगतात. वज्रीनं टाच घासताना आधी पाणी किती कोमट लागतं, हे आमच्या एका सासूबाईंनी सांगितलं तेव्हा शेजारून जाणारे कॉलेजचे विद्यार्थी थांबून ऐकत होते. घरी गेल्यावर एकीनं माळ्यावरचा पितळी करंडा भंगारवाल्याला द्यायचा ठेवला होता तो परत काढून घासला. आमच्या चिखली-कुदळवाडीच्या बाजूला भंगाराची दुकानं मी वर्षानुवर्षं बघत आले. किती पितळ त्या वाटेनं गेलं असेल कोण जाणे.

शेवटी तुळशीबाग. ती काही मी शिकवायला नको. फक्त खरेदी सगळ्यात शेवटी, नाहीतर दिवसभर ओझी. भाव करताना अर्ध्यावरून सुरुवात करा, आणि एकट्यानं नाही, दोघींनी करा, एकीनं मागायचं आणि एकीनं "चल गं पुढे" म्हणायचं. गर्दीत पर्स पुढे धरा. बांगड्या-टिकल्यांच्या त्या गर्दीत मधोमध पेशवाईतलं राममंदिर आहे, बऱ्याच जणींना माहीतही नसतं. दहा मिनिटं आत जाऊन टेका. ज्या गटाचा पापड-मसाल्याचा धंदा आहे त्यांनी वेळ असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत डोकवावं. डबे, पिशव्या, पॅकिंगचं सामान तिथे घाऊक मिळतं.

गर्दी नकोच असेल तर वेगळा बेत करता येतो. जिल्हा न्यायालय स्थानकात मेट्रो बदलून रामवाडीच्या बाजूला जायचं आणि कल्याणीनगरला उतरून रिक्षानं आगाखान पॅलेस. 1942 च्या चळवळीत गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना इथे कैदेत ठेवलं होतं. महादेवभाई सहाच दिवसांत गेले. कस्तुरबा दीड वर्ष आजारपण काढून 22 फेब्रुवारी 1944 ला गेल्या. दोघांच्या समाध्या बागेत शेजारी शेजारी आहेत. झाडी आहे, शांत आहे. म्हाताऱ्या बायांचा गट असेल तर मी पेठांऐवजी हेच सुचवीन.

पैशाचं बोलू. गटाच्या बचतीला आणि फिरत्या निधीला हात लावायचा नाही. ते पैसे कर्जासाठी आहेत, आणि एकदा सहलीला वापरले की वर्षभर त्यावरून भांडण. सहलीची वेगळी भिशी करा. आठवड्याला 10 रुपये टाकले तर वर्षाला एकीचे 520 होतात. कमी पडतील तेवढे वरून घालायचे. एसटीला 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांच्या पुढच्यांना मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत पीएमपीला आणि मेट्रोला नाही, म्हणून तिथल्या खर्चाचा अंदाज धरा. पीएमपीचा दिवसभराचा पास कंडक्टरकडेच मिळतो, चार वेळा बस बदलायची असेल तर तो परवडतो.

घरच्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. मी सांगते, विचारू नका, कळवा. महिनाभर आधी तारीख कॅलेंडरवर लिहून टाका, जशी लग्नाची लिहितो. गाईची धार कोण काढणार, शाळेचा डबा कोण देणार, हे त्याच दिवशी ठरवा. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्यानं दोन दिवस पिठलं-भात केला. चांगला झाला नव्हता म्हणे, पण पोरांनी खाल्ला.

आणखी एक, कुजबुजून बोलली जाणारी गोष्ट. देवदर्शन आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालाय, यकृताचा आजार आहे, त्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाळी आली तर पॅड घेऊन या, संग्रहालय आणि मेट्रोत कुणी विचारत नाही.

निघताना प्रत्येकीच्या पोलक्यात एक चिठ्ठी ठेवा. त्यावर गटातल्या दोघींचे फोन नंबर आणि मुक्कामाचा पत्ता. मोबाईल बंद पडतो, चिठ्ठी बंद पडत नाही. चुकामूक झाली तर जिथे आहे तिथेच उभं राहायचं, शोधायला निघायचं नाही. सगळ्यांनी एकत्र परत निघायची वेळ दुपारीच ठरवा आणि गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आगारात आदल्या दिवशी विचारून ठेवा. संग्रहालय, फुलेवाडा त्या दिवशी उघडे आहेत का, हेही आधी कुणाला तरी विचारून घ्या. बरोबर दोन दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, रिकामी बाटली, गोळ्या-औषधं, आणि एक जास्तीचं लुगडं.